गळ टाकण्याची कला आणि मासा सोडण्याचे शास्त्र

नदीतील बलवान माशांचा गळ जगभर कसा खेळला जातो, आणि पेंच-कन्हानच्या खोऱ्यात त्याचा अर्थ काय?

धरमपेठ (नागपूर), प्रतिनिधी

अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसणारी माणसे धरमपेठेतील रहिवाशांच्या परिचयाची आहेत. कणकेचा गोळा किंवा गांडूळ, तंगुसाची दोरी आणि तरंगता बुचाचा तुकडा एवढ्या साहित्यावर हा छंद चालतो. तलावाचे पाणी स्थिर असते. आमिष टाकले की ते जागेवर राहते आणि बाकीचे काम संयमाचे असते. वाहत्या नदीत मात्र हे गणित पूर्णपणे बदलते. तेथे आमिष प्रवाह नेईल तिकडे जाते, दोरी खडकात अडकते आणि गळाला लागलेला मासा नदीचे सारे बळ पाठीशी घेऊन पळतो. म्हणूनच नदीतील गळाचे स्वतंत्र शास्त्र तयार झाले. त्याच्या दोन मोठ्या शाळा आहेत. एक युरोप-अमेरिकेतील सॅमन आणि स्टीलहेड या माशांची, दुसरी भारतीय उपखंडातील महाशीरची.

सॅमन म्हणजे रावस नव्हे

शहरातील हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची प्रथा असल्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. रावस हा आपल्या समुद्रातील मासा असून सॅमनशी त्याचा नातेसंबंध नाही. खरा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउटचाच समुद्रात जाऊन परतणारा प्रकार. प्रशांत महासागरातील सॅमन अंडी घातल्यावर मरतात, स्टीलहेडपैकी काही मात्र समुद्रात परत जाऊन पुन्हा नदीत येतात.

आपल्याकडे या माशांच्या सर्वांत जवळ जाणारा मासा म्हणजे महाशीर. तो समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात नदीच्या वरच्या अंगाला चढून स्वच्छ, खळाळत्या, गोटेदार पाण्यात अंडी घालतो. महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने आहे. दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून केले आणि ‘खुद्री’ हे नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायम राहिले. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीतील महाशीरना तेथील लोक देवाचे मासे मानून आजही अभय देतात. गोदावरीचे खोरे हे या माशाचे नैसर्गिक क्षेत्र असून पेंच, कन्हान व वैनगंगा या त्याच खोऱ्यातील नद्या होत. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भारतातील गळावर पुस्तक लिहिले, तेव्हाच महाशीरची तुलना सॅमनशी केली होती. तेव्हापासून ही तुलना आजतागायत चालू आहे.

काठी, रीळ आणि दोरी

महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आमिष ओठांनी ओढून घ्यायचे आणि घशातील दातांनी चिरडायचे, ही त्याची पद्धत. हलका गळ यात वाकतो किंवा मोडतो. गळाला लागल्यावर पहिली धाव प्रवाहाबरोबर खाली, खडकांच्या दिशेने असते. त्यामुळे साहित्य निवडताना दिखाऊपणापेक्षा मजबुती पाहावी लागते.

मध्यम आकाराच्या महाशीरसाठी साधारण ८ ते १० फुटांची काठी, दीडशे ते दोनशे मीटर दोरी मावेल असे रीळ आणि १० ते १५ किलोचा ताण सोसणारी दोरी पुरेशी ठरते. रिळाला ‘ड्रॅग’ म्हणजे घर्षणाचा लगाम असतो. ठरावीक ताणापलीकडे तो दोरी आपोआप सोडतो. हा लगाम दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावावा, असा सर्वमान्य संकेत आहे. १२ किलोच्या दोरीला तो तीन ते चार किलोवर येतो. त्याहून घट्ट केला तर पहिल्याच धावेत दोरी तुटते, फार सैल ठेवला तर मासा खडकामागे जाऊन बसतो.

सॅमनच्या नद्यांवर १३ ते १५ फुटांच्या, दोन्ही हातांनी धरायच्या काठ्या दिसतात. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या काठावर झाडी आणि चढ असल्याने दोरी मागे झोकायला जागाच नव्हती. म्हणून पाण्यावरच दोरीचा फास करून ती पुढे फेकण्याची पद्धत निघाली. तिला आजही ‘स्पे’ म्हणतात.

पाणी वाचता आले पाहिजे

नदीवर गेल्यावर लगेच गळ टाकणारा नवखा समजावा. जाणकार आधी पाणी वाचतो. माशाला दोन गोष्टी हव्या असतात: कमी श्रमात थांबता येईल अशी जागा आणि प्रवाहाने समोर आणून टाकलेले अन्न. या दोन्ही गोष्टी वेगवान व संथ पाण्याच्या सीमेवर मिळतात. खडकामागचा शांत पट्टा, खळाळ संपून डोह सुरू होतो ती जागा आणि डोहाचे उथळ होत जाणारे शेपूट या तीन ठिकाणी मासा असण्याची शक्यता अधिक.

आपल्या भाषेत ‘डोह’ या शब्दाला मोठा अर्थ आहे. पेंचवरील तोतलाडोहच्या नावातही तो आहे. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा तिचे सारे जीवन या डोहांत एकवटते. वैनगंगेच्या खोऱ्यातील ढीवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान प्रामुख्याने अशा डोहांचे, धारांचे आणि ऋतूंचे आहे. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही उपकरणापेक्षा ते अधिक नेमके असते.

आमिष वाहते ठेवण्याच्या पद्धती

नदीतील गळाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून तळालगत वाहू दिले जाते. यातील अडचण अशी की पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते. वर तरंगणारी दोरी पुढे जाते, तिला पोट येते आणि खालचे आमिष ओढले जाते. असे अनैसर्गिक वेगाने पळणारे आमिष मासा सहसा घेत नाही. यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाने दोरी उचलून पुन्हा वरच्या अंगाला ठेवणे. स्टीलहेडच्या गळाचे निम्मे कौशल्य याच एका कृतीत आहे.

दुसऱ्या पद्धतीत माशी किंवा धातूचा चकाकता ‘चमचा’ पाण्याच्या आडव्या दिशेने, किंचित खाली फेकतात. दोरी ताठ राहते आणि प्रवाह आमिषाला अर्धवर्तुळात फिरवत काठाशी आणतो. प्रत्येक फेकीनंतर दोन पावले खाली सरकायचे, म्हणजे सारा पट्टा विंचरून निघतो. नदीत चढणारा सॅमन जवळपास काही खात नाही. तरीही समोरून जाणाऱ्या आमिषावर तो झडप घालतो. ही भूक नसून चीड किंवा जुनी सवय असावी, असे मानले जाते.

महाशीरसाठी चमचा चालतोच, पण कावेरीकाठी नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा अधिक प्रसिद्ध होता. तळाला खडक असल्याने तेथे नेहमीच्या शिशाच्या गोळीऐवजी मऊ शिशाची पट्टी दोरीवर गुंडाळीत. ती कपारीत अडकली तरी जोराच्या ओढीने सुटून येते.

खरी परीक्षा मासा हाती आल्यावर

येथवरचे कौशल्य मासा पकडण्याचे झाले. सॅमनच्या देशांना दुसरे कौशल्य उशिरा शिकावे लागले. धरणे, प्रदूषण आणि अतिरेकी मासेमारी यांमुळे नद्या रित्या होऊ लागल्या, तेव्हा मासा सोडणे हा तेथील नियम झाला. स्कॉटलंडमध्ये गळाला लागणाऱ्या सॅमनपैकी ९० टक्क्यांहून अधिक मासे अलीकडच्या वर्षांत पुन्हा पाण्यात सोडले जातात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नदीवर उलट्या काट्याचा गळ वापरण्यास मनाई आहे आणि रानटी स्टीलहेड सोडून देणे सक्तीचे आहे.

परंतु ‘सोडला’ म्हणजे ‘वाचला’ असे नव्हे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन संशोधनाने हे स्पष्ट केले. इंद्रधनुषी ट्राउटना दमेपर्यंत पळवून थेट पाण्यात सोडले, तेव्हा १२ टक्के दगावले. दमल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, तर ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के मासे मेले. कावेरीतील महाशीर यापेक्षा अधिक तग धरतो, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. तरीही छायाचित्रासाठी घालवलेला एक मिनिट माशाला किती महाग पडू शकतो, याचा अंदाज या आकड्यांवरून यावा.

विदर्भात यात उष्णतेची भर पडते. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात मात्र जेमतेम साडेसात. दमलेल्या माशाला सर्वाधिक प्राणवायू हवा असतो, तेव्हाच पाण्यात तो सर्वांत कमी असतो. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी आटलेल्या डोहात गळ टाकणे म्हणजे आश्रयाला आलेल्यावर वार करण्यासारखे आहे.

यातूनच मजबूत साहित्याचा आग्रह समजतो. बारीक दोरीवर मोठ्या माशाला तासभर खेळवण्यात काही जण पुरुषार्थ मानतात, परंतु त्या तासात माशाच्या स्नायूंत आम्ल साचते आणि सोडल्यावरही तो सावरत नाही. योग्य ताकदीची दोरी झुंज लवकर संपवते.

सोडताना पाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा, कारण कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. तापलेल्या वाळूवर किंवा खडकावर त्याला ठेवू नये. गळ पाण्यातच काढावा. तो खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी कापावी. शेवटी माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलकेच आधार द्यावा आणि तो स्वतः निघून जाईपर्यंत थांबावे.

कोठे चालते, कोठे नाही

हे वाचून काठी घेऊन थेट पेंचला निघणे मात्र योग्य नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘प्राणी’ या व्याख्येत २००२ च्या दुरुस्तीने माशांचाही स्पष्ट समावेश झाला. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात गळ टाकणे त्यामुळे शिकारीत मोडते. राज्यातील अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेथे संस्थेची परवानगी घ्यावी. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पोटासाठी जाळे टाकणारा ढीवर आणि हौसेसाठी गळ टाकणारा शहरवासी यांना एकच माप लावता येणार नाही. मासा सोडण्याचे बंधन प्रथम हौशी माणसाचे आहे.

मासे आणून सोडले की नदी भरते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. लोणावळ्याजवळ टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास होते आणि दख्खनच्या महाशीरला तिचा मोठा आधार मिळाला. हाच मासा कावेरीत सोडला गेल्यावर मात्र तेथील मूळच्या वशिंड्या महाशीरची जागा तो व्यापू लागला. तो वशिंड्या महाशीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. चांगल्या हेतूने केलेले कामही चुकीच्या नदीत हानी करू शकते.

महाशीरचे मर्म त्याच्या मंद वाढीत आहे. रोहूची मादी वजनाच्या एका किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी घालते, महाशीरची काही हजारच. एक मोठी मादी गेली की तिची भरपाई व्हायला वर्षे लागतात. त्यातच पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणे उभी आहेत, वर चढण्याची वाट अडली आहे आणि कन्हानच्या पात्रातून वाळू उपसली जात आहे. नागपूरकर याच दोन नद्यांचे पाणी पितात. महाशीरला हवे ते पाणी स्वच्छ, वाहते आणि प्राणवायूने भरलेले असते. असे पाणी ज्या नदीत उरते, ती नदी माणसाच्याही उपयोगाची राहते. गळ टाकणाऱ्याने हे ध्यानी ठेवले, तर त्याचा छंद नदीवर भार न होता तिच्यावरची राखण ठरू शकेल.