तुर्कांनीं वाट खरेंच अडविली काय?

इ. स. १४५३ सालीं उस्मानी तुर्कांनीं कॉन्स्टंटिनोपल घेतलें, पूर्वेच्या व्यापाराची वाट बंद झाली, आणि म्हणून युरोपीयांना हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावा लागला, हें वाक्य शाळेंत ज्यानें घोकलें नाहीं असा वाचक विरळा. वाक्य सुटसुटीत आहे. परंतु सनावळी पुढें घेऊन बसलें कीं तें टिकत नाहीं.

मलबारचीं मिरीं मुख्यतः कॉन्स्टंटिनोपलवरून जातच नसत. तीं तांबड्या समुद्रांतून इजिप्तकडे येत, आणि अलेक्झांड्रिया व बेरूत या बंदरांत व्हेनिसचे व्यापारी तीं खरेदी करीत. हीं बंदरें तेव्हां ममलूक सुलतानांचीं होतीं. तुर्कांनीं सीरिया घेतला १५१६ सालीं व इजिप्त १५१७ सालीं. वास्को द गामा कालिकतला पोंचला १४९८ मध्यें, आणि आल्बुकर्कनें विजापूरकरांकडून गोवें घेतलें १५१० मध्यें. म्हणजे ज्या अडवणुकीमुळें पोर्तुगीज निघाले असें सांगतात, ती व्हावयाच्या आधींच ते आमच्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसले होते! आफ्रिकेच्या कडेकडेनें त्यांचें सरकणेंहि कॉन्स्टंटिनोपल पडण्याच्या कितीतरी आधीं सुरू झालेलें. आल्बर्ट लायबायर या अमेरिकन इतिहासकारानें हा मुद्दा १९१५ सालींच साधार मांडला; क्रमिक पुस्तकांस मात्र घाई नाहीं.

मग तुर्कांच्या सत्तेचा युरोपवर परिणाम झालाच नाहीं काय? झाला, पण निराळ्या रीतीनें. वाट बंद करून सुलतानाचा लाभ कोणता? जकात हेंच त्याचें पीक. व्हेनिसला १४५४ च्या तहानेंच व्यापाराची मोकळीक मिळाली. फटका बसला तो जिनोआला. काळ्या समुद्रावरील काफा हें त्याचें ठाणें १४७५ मध्यें गेलें, आणि तेथील धान्य व मासळी इस्तंबूलकडे वळली. जिनोआचे पैसेवाले व दर्यावर्दी मग लिस्बन-सेव्हिलकडे अधिकच झुकले. कोलंबस त्याच गांवचा.

सर्वांत मौजेची हकीकत तुरटीची. आपल्याकडे पाणी निवळण्यापुरता तिचा खडा. पण लोकरी कापडावर रंग पक्का बसावा म्हणून युरोपांतील रंगाऱ्यांना ती ढिगांनीं लागे. उत्तम तुरटी येई आशिया मायनरमधील फोसीआच्या खाणींतून, आणि त्या जिनोआवाल्यांकडे होत्या. १४५५ मध्यें तुर्कांनीं त्या घेतल्या. पुढें १४६१ च्या सुमारास जोव्हानी द कास्त्रो यास पोपच्याच मुलखांत, तोल्फाच्या डोंगरांत, तुरटीचा दगड सांपडला. हा गृहस्थ पूर्वीं कॉन्स्टंटिनोपलला कापड रंगविण्याच्या धंद्यांत होता, म्हणून दगड ओळखला. पोपगादीनें तें उत्पन्न तुर्कांवरील धर्मयुद्धासाठीं राखलें, आणि तुर्की तुरटी घेणें ख्रिस्ती माणसास पाप ठरविलें. धर्म आणि मक्ता यांचें इतकें सख्य आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

इजिप्त तुर्कांकडे आल्यावर तांबड्या समुद्राची वाट बुजली तर नाहींच, उलट सोळाव्या शतकाच्या मध्यास ती पुन्हा भरभराटली. ती आटली सतराव्या शतकांत, डच व इंग्रज कंपन्यांमुळें. तुर्कस्थानाशीं व्यापार करण्यासाठीं लंडनमध्यें १५८१ सालीं जी कंपनी निघाली, तिच्यांतील कित्येक व्यापारी १६०० सालच्या ईस्ट इंडिया कंपनींतहि होते. थोड्याच वर्षांत मलबार-जाव्याकडील मिरीं लंडनला उतरून, तेथून उलट तुर्कांच्याच बंदरांत विक्रीस जाऊं लागलीं.