कळांना वेळ मिळायला हवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीत देशातल्या शंभर बाळंतपणांमागे साडेआठ सिझेरियन होती; २०१९-२१ च्या फेरीत ती साडेएकवीस झाली. त्याच फेरीत महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते, तेलंगणात ६०.७. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांपुढे गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. पण २०१९-२१ च्याच फेरीत बिहारच्या सरकारी दवाखान्यांत ते जेमतेम ३.६ टक्के होते, आणि त्याचाही आनंद मानता येत नाही. तिथे अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर शस्त्रक्रिया मिळत नसणार, हीच शंका आधी येते.

देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३, हे त्या फेरीतले आकडे पाहिले की सगळा दोष पैशावर टाकावासा वाटतो. पैसा हे कारण आहेच. पण तेलंगणात सरकारी रुग्णालयांतही ४४.५ टक्के सिझेरियन होत होती, तिथे बिलाचा प्रश्न नव्हता. माझ्या मते खरी उणीव वेळेची आणि माणसांची आहे. गर्भपिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर पहिलटकरणीला पुढे बारा तासही लागू शकतात, आणि ते स्वाभाविक असते. एवढा वेळ कुणीतरी तिच्याजवळ थांबायचे, पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे, पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरायचा, तिला उठवून फिरवायचे, पाणी पाजायचे. एका नर्सकडे एकाच वेळी अनेक बाळंतिणी असतील तर हे होत नाही. मग ठोक्यांची नोंद नसते, कळा मंदावल्यासारख्या वाटतात आणि ‘धोका नको’ म्हणून सिझर ठरते. खासगीत एकटा डॉक्टर ओपीडी सांभाळून रात्रभर थांबू शकत नाही, तिथेही शेवट तोच होतो.

बायकाच सिझर मागतात, असे डॉक्टर सांगतात. काही मागतात, मुहूर्त काढूनही येतात. पण कळांमध्ये एकटे पडण्याची आणि ओरडा खाण्याची भीती असेल, तर त्या मागणीला मोकळी निवड म्हणता येत नाही. उशिराची गर्भारपणे, मधुमेह, रक्तदाब यांमुळे जोखीम वाढली, हे खरे. नातेवाइकांच्या मारहाणीची आणि खटल्याची डॉक्टरांना वाटणारी धास्तीही खोटी नाही. तरी शेजारशेजारच्या रुग्णालयांतही दिसणारी मोठी तफावत यातून उलगडत नाही. शिवाय पहिल्या सिझरची किंमत पुढच्या गर्भारपणात मोजावी लागते: वार जुन्या व्रणात रुतली तर रक्तस्राव जिवावर बेततो.

म्हणून टक्केवारी खाली आणण्याचे फर्मान मला धोक्याचे वाटते. त्यात गरज असलेल्या स्त्रीचीच शस्त्रक्रिया लांबेल. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१७ चा आढावा सांगतो की, कळांमध्ये सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात. सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली आणि २०१८ मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याचे धोरण आणले. या मिडवाइफची पदे प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहात भरा, पहिलटकरणींची सिझेरियन वेगळी मोजून दर महिन्याला कारणांसह तपासा, आणि उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ व रक्त रात्रीही मिळेल याची आधी तजवीज करा.