ओले जळण महाग पडते

पाऊस तोंडावर आला की खानापूरच्या घाटाकडील गावांत जळण आत घेण्याची घाई सुरू होते. स्वयंपाक गॅसवर गेला, तरी पुष्कळ घरांत आंघोळीचे पाणी अजून लाकडावरच तापते. पावसाळ्यात न्हाणीतली चूल सकाळ-संध्याकाळ पेटते, आणि म्हातारी माणसे व मुले शेकायला तिच्याभोवतीच बसतात. ऊब आणि धूर, दोन्ही त्यांच्याच वाट्याला.

जळण पुरत नाही, अशी तक्रार नेहमीची. पण भारे मोजण्याआधी लाकूड किती वाळले आहे ते पाहावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. फोडून, वारा लागेल असे ठेवले, तर काही महिन्यांत ते १५ ते २० टक्क्यांवर येते. म्हणजे दहा किलोचा ओला भारा डोक्यावर आणणारी बाई पाच किलो लाकूड आणि पाच लिटर पाणी वाहून आणते. चुलीत गेल्यावर त्या पाण्याची आधी वाफ व्हावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते, तिच्यात साडेसहा लिटर गार पाणी उकळते. हिशेब आपणच करा: पाच लिटरांपायी तीस लिटरांहून अधिक पाणी उकळण्याइतकी उष्णता हंड्याला न लागताच निघून जाते.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ओल्या लाकडाचा जाळ थंड असतो, त्यामुळे लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले जळणच. खात्री हवी असेल तर घरात प्रार्थनेच्या वेळी लावलेली मेणबत्ती विझवून पाहा. वातीतून पांढरा धूर वर चढतो. त्या धुरात, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी धरली की ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते. मुलांना हा खेळ फार आवडतो, पण तो मोठ्यांच्या देखतच करावा.

तेव्हा लाकूड नाताळच्या सुमारास तोडावे आणि लगेच फोडावे. अखंड ओंडका सालीमुळे फार हळू वाळतो. मनगटाएवढ्या ढलप्या दगडांवर आडव्या-उभ्या रचाव्यात. वर छप्पर हवे, बाजू मोकळ्या हव्यात. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळणारे लोक ओल आतच कोंडतात. उपवासकाळातले ऊन आणि वारा यांचे काम फुकटात होते. सांजावचा सण, म्हणजे २४ जून, येईपर्यंत सगळे आत गेलेले असावे. वाळलेल्या ढलपीच्या तोंडाला भेगा पडतात, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्यांचा आवाज बद्द येतो. जंगल तोडण्याची गरज नाही. बांधावरच्या गिरिपुष्पाची आणि काजूच्या छाटणीची फांदी वाळवली तर चांगली जळते.

चुलीकडेही थोडे पाहावे. लाकडाखाली लोखंडी जाळी बसवली की खालून हवा मिळते. चूल कोंबून भरू नये; ढलप्यांची टोके जळतील तसतशी पुढे सारावीत. हंड्यावर झाकण ठेवावे. बुडाची काजळी खरवडावी, कारण काजळीचा थर उष्णता अडवतो.

धुरांड्याच्या चुलीची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराची चूल लोकांपुढे मांडली. पुढे सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींची देशव्यापी योजना राबवली. पुष्कळ ठिकाणी धुरांडी काजळीने बुजली आणि घरच्यांनी ती काढून टाकली. दोष चुलीला दिला गेला. धुरांडे दर महिन्याला साफ करायचे, हे मात्र कितीजणांना कोणी सांगितले होते?

धुराने होणारे आजार आता सर्वांना माहीत आहेत: मुलांचा न्यूमोनिया, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांची न थांबणारी धाप, मोतीबिंदू. पण ज्याला धूर दिसत नाही, तो धोका अधिक वाईट. बाळंतिणीला व बाळाला शेक देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. ग्वाल्हेर-इंदूरच्या कडक थंडीत खोलीत शेगडी घेऊन निजणाऱ्यांनाही हेच भय आहे. शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी ठेवून, जागे राहून द्यावा, आणि निजण्याआधी शेगडी अंगणात ठेवावी. कोणाला गुंगी आलेली दिसली तर प्रथम त्याला उघड्यावर आणावे, मग लगेच दवाखान्यात न्यावे. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर मिळून पांघरूण घालावे. त्याचे नाक-तोंड तेवढे मोकळे राहू द्यावे.