स्वसंरक्षणार्थ गोळीबार (भारतीय कायदा)

स्वसंरक्षणार्थ गोळीबार म्हणजे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावरील किंवा मालमत्तेवरील हल्ला परतवण्यासाठी केलेला बंदुकीचा वापर. भारतीय कायद्यात यासंबंधीच्या तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी त्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होत्या. किती गोळ्या झाडता येतात, याची संख्या कायद्याने ठरवलेली नाही. प्रत्येक गोळी झाडली गेली त्या क्षणी धोका शिल्लक होता काय, हा न्यायालयापुढील मुख्य प्रश्न असतो.

कायदेशीर तरतुदी

कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांसारख्या सार्वजनिक यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल, तर हा हक्क मिळत नाही. हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क केव्हा जातो, हे कलम ३८ मध्ये सांगितले आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या उद्देशाने हल्ला, अपहरण आणि ॲसिडहल्ला ही त्यांपैकी काही कारणे होत.

शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो (कलम ४०). त्यामुळे चाल करून येणाऱ्यावर झाडलेली तिसरी गोळी समर्थनीय ठरू शकते. तोच हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यावर झाडलेली पहिली गोळीही गुन्हा ठरू शकते.

कलम ४४ मध्ये गोळीबाराचेच उदाहरण दिले आहे. जिवे मारण्यास आलेल्या जमावावर गोळीबार केल्याशिवाय बचाव शक्य नसेल आणि त्या जमावातील लहान मुलांना इजा झाली, तर तो गुन्हा होत नाही.

हक्काची मर्यादा ओलांडणे

सद्भावनेने, पूर्वयोजनेशिवाय आणि आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडून मृत्यू घडला, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादानुसार तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. या तरतुदीखालील उदाहरणात चाबकाने मारू पाहणाऱ्यास रोखण्याचा अन्य उपाय नाही अशा समजुतीने एक जण पिस्तुलाने त्याला ठार करतो. चाबकाच्या माराने जबर दुखापत होणार नसल्यामुळे त्याचा अपराध सदोष मनुष्यवधाचा ठरतो.

न्यायनिर्णय

जय देव विरुद्ध पंजाब राज्य (१९६३) हे प्रकरण शेतजमिनीच्या वादातून उद्भवले होते. निकालपत्र न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिले. हल्ला झालेल्या माणसाकडून शांत चित्ताने मोजूनमापून वागण्याची अपेक्षा करता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र विरोधी गटातील माणसे पळू लागताच बचावाचा हक्क संपतो व त्यानंतरच्या गोळ्यांना त्याचे संरक्षण मिळत नाही, असे ठरवले.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) हे प्रकरणही जमिनीच्या वादाचे होते. तेथे वडिलांवर हल्ला होत असताना गोळी झाडणाऱ्या आरोपीस सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. प्रत्यक्ष जखम होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे, असे निकालात नमूद आहे.

मुंबईतील नानावटी खटल्यात (घटना २७ एप्रिल १९५९) स्वसंरक्षणाचा नव्हे, तर झटापटीत चुकून गोळ्या सुटल्याचा बचाव घेण्यात आला होता. तीन गोळ्या लागूनही मृताच्या कमरेचा टॉवेल जागेवरच होता. ही परिस्थिती झटापटीशी जुळत नाही, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. गोळ्यांची संख्या ही परिस्थितिजन्य पुरावा कशी ठरते, याचे हे उदाहरण होय.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लमहॉफ विरुद्ध रिकार्ड (२०१४) या प्रकरणात पोलिसांनी झाडलेल्या पंधरा गोळ्या वाजवी मानल्या. गंभीर धोका संपेपर्यंत गोळीबार थांबवणे आवश्यक नाही, असे त्या न्यायालयाचे मत होते.

पुरावा

स्वसंरक्षण सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र ते संशयातीतपणे सिद्ध करावे लागत नाही, अधिक संभवनीय असल्याचे दाखवणे पुरेसे असते. जखमा छातीवर आहेत की पाठीवर, जखमेभोवती बारुदाचे काळे डाग आहेत काय, रिकामी काडतुसे कोठे पडली, यांवरून गोळीबाराचे अंतर व क्रम यांचा अंदाज बांधला जातो.

ग्रामीण भागातील स्थिती

जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात बंदुकीचा परवाना पोलीस अहवालानंतर जिल्हा दंडाधिकारी देतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचीही तरतूद आहे. परंतु परवान्यामुळे बचावाचा हक्क वाढत नाही. शेतातून कापूस चोरून नेणाऱ्यावर केवळ चोरीसाठी गोळी झाडून त्याला ठार करण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही. चोरीतून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झाली, तरच कलम ४१ नुसार तो मिळतो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी यांत ही वेगळी अट नाही, तरीही आवश्यकतेची मर्यादा लागू राहते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निकालांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालतात.

हेही पहा

भारतीय न्याय संहिता
सदोष मनुष्यवध
नानावटी खटला