बोटावरची भिंगरी

प्राध्यापकाला व्यासपीठावरून जेवढे दिसते, ते वर्गाला वाटते त्याहून पुष्कळ अधिक असते. मागच्या बाकावरच्या खाणाखुणा दिसतात, वहीच्या आड दडवलेला मोबाइल दिसतो, आणि दुपारच्या तासाला तर बोटांवर गरगरणारी पेने हमखास दिसतात. आमच्या खानदेशात मार्च उलटला की वर्गातले पंखे कुरकुरत फिरतात आणि त्यांच्याखाली पेने पंख्याहून वेगाने फिरतात. मध्येच एखादे टणकन् फरशीवर पडते, वर्ग हसतो आणि केशवसुतांना क्षणभर थांबावे लागते.

हा चाळा आपल्याच पोरांचा, असे मात्र कोणी समजू नये. जपानात त्याला ‘रोनिन मावाशी’ असेही म्हणतात. रोनिन म्हणजे पूर्वीच्या काळी धनी नसलेला, वणवण हिंडणारा सामुराई. हल्ली तिथे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकून पुढच्या वर्षाची तयारी करीत बसलेल्या मुलालाही रोनिनच म्हणतात. मावाशी म्हणजे फिरवणे. ज्याचे पाऊल अडले आहे, त्याच्या बोटांना मिळालेली ही चाल!

असे रोनिन आपल्याकडे काय थोडे आहेत? माझा एक जुना विद्यार्थी त्यांतलाच. गाव धुळे तालुक्यातले, मुक्काम जळगावात भाड्याच्या खोलीत. पदवी होऊन तीन वर्षे झाली, स्पर्धापरीक्षेचे दोन प्रयत्न झाले. गावी गेला की लोक विचारतात, “सध्या काय करतोस?” या प्रश्नाच्या भीतीने त्याने गावी जाणेच कमी केले आहे. पण त्याच्या हातात पेन आले की पाहत राहावे. पेन बोटांतून असे वाहते, की एक फेरी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही.

एका रविवारी तो घरी आला, तेव्हा नववीतल्या माझ्या मुलीने त्याला धरून बसवले. तिला दोन करामती येत होत्या. पहिलीत पेन अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायचे, चुटकी वाजवताना ओढतो तसे मधले बोट आत ओढायचे. पेन अंगठ्याच्या पाठीवरून गिरकी घेऊन पुन्हा चिमटीत येते. दुसरीत ते बोटांच्या फटींतून एकेक घर पुढे सरकते. दोन्ही ती झपाट्याने करी. पण मध्ये थांबे, पेन सावरी आणि मग पुढे जाई.

“दादा, अजून किती जोरात फिरवू?”

तो हसला आणि एकदम अहिराणीवर आला. “हाई घाईनं काम नही शे, ताई!”

मग त्याने जे सांगितले, ते मला कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात शोभले असते. सफाई वेगात नसते, सांध्यात असते. म्हणून दोन्ही करामती पहिल्यापासून घोटत बसायचे नाही. पहिलीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ एवढाच तुकडा घ्यायचा, आणि तोही कंटाळा येईल इतक्या सावकाश. पेन ज्या दिशेने फिरत आहे, त्याच दिशेने फिरणारी करामत पुढे जोडायची. म्हणजे आधीच्या फेऱ्याचा जोर फुकट जात नाही. दिशा उलटली की पेन आधी थांबते, मग वळते, आणि तिथेच डोळ्याला गचका जाणवतो. ज्या बोटांना काम नाही त्यांनी स्वस्थ बसायचे. पेन लांब आणि दोन्ही टोकांना सारखे जड असावे. शौकीन मंडळी तर दोन-तीन पेनांचे भाग जोडून वीस सेंटिमीटरच्या आसपासचे खास पेन बनवतात. वजन टोकांकडे गेले की फेरा संथ आणि एकसारखा होतो, बोटांना उसंत मिळते.

मुलीचे पेन सारखे अडे ते करंगळीशेजारच्या बोटापाशी. तो दोष तिचा नव्हे. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. या बोटाची कंडरा शेजारणींशी जोडलेली असल्यामुळे त्याला एकट्याने उठता येत नाही. संस्कृतात त्याला अनामिका म्हणतात. नाव नाही आणि स्वातंत्र्यही नाही! तिच्याशी गोडीनेच घ्यावे लागते. आणि रात्री पेन ठेवून झोपावे, हेही महत्त्वाचे. हाताने दिवसा गिरवलेला धडा झोपेत पक्का होतो, असे बोटांच्या हालचालींवरच्या प्रयोगांत आढळले आहे.

ऐकता ऐकता मला आजीचे जाते आठवले. जात्याचा खुंटा अर्धा फेरा पुढे लोटावा लागतो, अर्धा मागे ओढावा लागतो. नवशिकीचे जाते जिथे लोटणे संपून ओढणे सुरू होते, नेमके तिथे अडते. सरावलेल्या बाईचा हात तो सांधा कधी ओलांडतो ते कळत नाही. आणि म्हणूनच तिला दळता दळता गाता येते. याच जळगावात बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी घरातली आणि शेतातली कामे करता करता गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी ती टिपून ठेवली आणि 1952 साली त्यांचे पुस्तक झाले. हात अडखळत असता, तर ओळ कशी वाहिली असती?

लेखणीच्या बाबतीतही हेच खरे. जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने धुळ्याला जावे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास समर्थांनी लेखनक्रियेलाच दिला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा. आमच्या रोनिनचे म्हणणे याहून वेगळे काय आहे?

त्याच धुळ्यात 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली जुनी दप्तरे बहुतांशी मोडीत. मोडी म्हणजे तर वाहणारी लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जायचे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोडीच्या दप्तरांचे ढीग आहेत. वाचणारे मात्र थोडे.

मी त्या मुलाला म्हटले, “अरे, परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस, पण आठवड्यातून दोन तास मोडीला दे.” नवशिके मोडीत अडखळतात ते सुट्या अक्षरांना नव्हे, त्यांच्या जोडणीला. यातले एक अक्षर कुठे संपते, दुसरे कुठे सुरू होते, हेच त्यांना समजत नाही. तो चार दिवसांत म्हणाला, “सर, हे तर पेन फिरवण्यासारखंच आहे. आधीचं संपतं तिथेच पुढचं सुरू होतं.”

परीक्षेचे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण गेल्या महिन्यात तो गावी गेला, घरातल्या जुन्या ट्रंकेतले पणजोबांचे मोडी कागद काढले, आणि ओटीवर बसून, अडखळत का होईना, वडिलांना वाचून दाखवले. त्या दिवशी, तो सांगतो, “सध्या काय करतोस?” असे कोणी विचारले नाही.

दिवाळीची सुट्टी आहे. घरातले चिरंजीव किंवा कन्यारत्न पेन फिरवताना दिसले, तर लगेच डोळे वटारू नका. फक्त आमच्या सौभाग्यवतींनी काढलेली युक्ती करा: खाली एक जुनी गोधडी अंथरा. पेन फुटत नाही, खालच्या बिऱ्हाडाची झोप मोडत नाही, आणि शिकणाऱ्याला हवे तितक्या वेळा पाडता येते.