राँग साइडचं 'फक्त एवढंसं अंतर': समृद्धीवरचा हिशेब, कायदा आणि आपण

या भागाचं लेखी रूप बऱ्याच जणांनी मागितलं होतं, कारण कलमं आणि आकडे ऐकताना डोक्यात राहत नाहीत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'बघा ना' कमी केलेत. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. कायदे वाचून, वकील मित्रांना प्रश्न विचारून हे मांडतोय. तुमची स्वतःची केस चालू असेल तर वकिलाचाच सल्ला घ्या.

सुरुवात घरातून

दिवाळीत मामांना घेऊन संभाजीनगरहून वैजापूरला येत होतो. माळीवाड्याहून समृद्धीवर चढलो, गप्पा रंगल्या आणि जांबरगावचं एक्झिट मागे गेलं. दोनशे-तीनशे मीटरच. मामा म्हणाले, "अरे, कडेकडेने रिव्हर्स घे. रात्रीचं कोण बघतंय?"

मी म्हटलं, "मामा, नाही घेणार. पुढून फिरून येऊ."

"एवढ्याशा अंतरासाठी शिर्डीकडे नेतोस का मला?"

नेलं. मामा घरी येईपर्यंत गप्प होते. जेवताना आईला म्हणाले, "तुझ्या पोराला रस्ता माहीत नाही आणि ऐकतपण नाही." सगळे हसले, मीही हसलो. पण मामा काही वेडे नाहीत. तीस वर्षं गाडी चालवतात, एकही अपघात नाही. असा माणूस 'एवढंसं अंतर' म्हणतो, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात काहीतरी चुकीचं बसलंय. हा भाग त्याच्यासाठी आहे.

कडवंची, २८ जून २०२४

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीजवळ, समृद्धीवरच, रात्री अकराच्या सुमारास एक कार इंधन भरून राँग साइडने महामार्गावर आली. समोरून नागपूरकडून मुंबईकडे जाणारी दुसरी कार येत होती. दोन्ही समोरासमोर धडकल्या. किमान सहा माणसं गेली. दुसऱ्या गाडीतले लोक आपल्या बाजूने, आपल्या लेनमध्ये होते.

आपल्या वैजापूरचा अपघात तर सगळ्यांना आठवतो. १५ ऑक्टोबर २०२३, मध्यरात्र उलटून गेलेली. सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस जांबरगाव टोलनाक्याजवळ एका ट्रकला मागून धडकली. १२ जणांचा मृत्यू झाला, वीसहून जास्त जखमी झाले. तो ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली होती. हा अपघात राँग साइडचा नव्हता. तरी मी दोन्ही एकत्र सांगतोय, कारण मूळ एकच आहे. अशा रस्त्यावर प्रत्येक जण एक गृहीत धरून चालतो: माझ्या पुढचं सगळं माझ्याच दिशेने जातंय. थांबलेला ट्रक हे गृहीत मोडतो. उलट येणारी गाडी तर ते पार उलटं करते.

हिशेब करू

तुम्ही १०० च्या वेगात आहात. पुढे २०० मीटरवर ६० च्या वेगाने जाणारा ट्रक आहे. तुमच्यातलं अंतर ताशी ४० किलोमीटरने कमी होतंय, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ट्रकपर्यंत पोचायला १८ सेकंद. आरसा बघा, इंडिकेटर द्या, लेन बदला, सगळं होतं.

आता त्याच २०० मीटरवर १०० च्या वेगाने समोरून येणारी कार ठेवा. अंतर सेकंदाला जवळपास ५६ मीटरने संपतंय. हातात साडेतीन सेकंद. त्यातला दीड सेकंद तर 'हे काय आहे' हे कळण्यात जातो. १०० च्या वेगातली कार कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, विचाराचा वेळ धरून थांबायला साधारण १०० मीटर घेते. दोन गाड्यांचे मिळून २०० मीटर. म्हणजे दोघांनीही लगेच, पूर्ण ताकदीने ब्रेक मारला तर जेमतेम वाचतील. ओला रस्ता, झिजलेले टायर, डोळ्यावरची झोप यांच्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

रात्री आणखी एक गोष्ट होते. सरळ रस्त्यावर समोरचे दिवे लांबून दिसतात. पण दुभाजक असलेल्या रस्त्यावर मेंदू म्हणतो, पलीकडच्या बाजूची गाडी असेल. दिवे दिसतात, धोका दिसत नाही. कळतं तेव्हा ते साडेतीन सेकंदच उरलेले असतात.

आणि उलट येणारा कुठल्या लेनमध्ये असतो? हे मला कागदावर चित्र काढल्यावर कळलं. चुकून उलट शिरलेला माणूस सवयीप्रमाणे स्वतःच्या डावीकडे राहतो. त्याची डावी म्हणजे आपली उजवी, दुभाजकालगतची, ओव्हरटेकची लेन. आपण सगळ्यात वेगात असतो नेमके तिथेच. जाणूनबुजून येणारा मात्र कडेने येतो, म्हणजे आपल्या डाव्या शोल्डरवर. तिथे बंद पडलेली गाडी आणि तिच्याशेजारी उभी माणसं असू शकतात. मामांची 'कडेकडेने' ती हीच कडा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४: धोकादायक वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीत वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं याच कलमात स्पष्ट लिहिलं गेलं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यासाठी अपघात व्हावाच लागत नाही. नुसतं उलट चालवणं पुरेसं आहे.

अपघात झाला की भारतीय न्याय संहिता येते. बेदरकार चालवण्यासाठी कलम २८१, कुणाला इजा झाली तर १२५, मृत्यू झाला तर १०६(१): पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलं असं तपासात दिसलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागू शकतं. तिथे शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कडवंचीचा अपघात त्याच्या तीनच दिवस आधीचा, म्हणून त्याला जुना भारतीय दंड विधानच लागू. तिथे ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षांची होती.

आणि घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात चावी दिली असेल तर कलम १९९-अ: पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. 'शेतापर्यंतच गेला होता' हे उत्तर चालत नाही.

जे मामांना पटलं ते इथे

शिक्षेच्या गोष्टी ऐकून मामा हलले नाहीत. "कोर्टात वर्षं जातात," म्हणाले. मग मी विम्याचं सांगितलं.

राँग साइडने जाणाऱ्यामुळे दुसरा माणूस गेला, तर त्याच्या कुटुंबाला थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळते. चालक उलट दिशेने होता म्हणून विमा कंपनी त्यांना नाही म्हणू शकत नाही. लायसन्स नसेल तर मात्र कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला येऊ शकते. आणि पॉलिसीच नसेल तर सगळा भार थेट मालकावर. इथे जमिनी विकाव्या लागतात.

पण चूक करणारा स्वतःच गेला तर? सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०२५ ला एका कर्नाटकातल्या प्रकरणात सांगितलं की स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने मृत्यू झालेल्या माणसाचे वारस कलम १६६ खाली विमा कंपनीकडून भरपाई मागू शकत नाहीत. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तर तो वेगळा. तोही वैध लायसन्स असेल तरच. म्हणजे बायको-मुलांच्या हातात माणूसही नाही आणि भरपाईचा दावाही नाही. मामा इथे पहिल्यांदा म्हणाले, "असं आहे होय?"

बळी पडलेल्या कुटुंबाने काय करायचं

अपघातानंतर कुणीतरी येतं आणि म्हणतं, आपसात मिटवा. घाई करू नका.

पहिलं, उपचार. केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार योजनेतल्या नियुक्त रुग्णालयात पैसे न भरता मिळायला हवेत. ११२ किंवा १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची नाही. हे आपल्या गावात अजून कित्येकांना माहीत नाही, म्हणून लोक थांबत नाहीत.

दुसरं, पुरावा. गाड्या हलवण्याआधी फोटो: दोन्ही गाड्यांची तोंडं कुठल्या दिशेला, टायरच्या खुणा, काचा कुठे पडल्या, किलोमीटरचा दगड किंवा बोर्ड. राँग साइडच्या केसमध्ये सगळा वाद 'कोण कुठल्या लेनमध्ये' यावर होतो. डॅशकॅम असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. टोलनाक्याचं फुटेज जपायला पोलिसांकडे लेखी अर्ज द्या.

तिसरं, दावा. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. कलम १६६ खाली अर्जाची मुदत सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. अपघात नागपूरजवळ झाला तरी अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. चूक सिद्ध न करता हवं असेल तर कलम १६४ आहे: मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख. गाडी पळूनच गेली तर कलम १६१ ची योजना: दोन लाख आणि पन्नास हजार.

आणि आपण बरोबर बाजूला असलो तरी वेग प्रचंड असेल, तर सहभागी निष्काळजीपणा म्हणून भरपाई टक्केवारीने कापली जाऊ शकते. समोरचा राँग साइड होता म्हणजे आपलं सगळं माफ, असं नसतं.

समोरून कुणी आलंच तर

रात्री मधल्या लेनमध्ये राहा. उजवी फक्त ओव्हरटेकपुरती, झालं की परत. समोरच्या दिव्यांबद्दल शंका आली की आधी वेग कमी करा, खात्री नंतर. हॉर्न, डिपर, हझार्ड लावा आणि डावीकडे सरका. तो कडेने येताना दिसत असेल तर डाव्या शोल्डरवर जाऊ नका, लेनमध्येच वेग उतरवा. एकदम स्टिअरिंग ओढू नका. या वेगात गाडी उलटते. निसटलात तर पुढे सुरक्षित जागी थांबून ११२ ला किलोमीटर क्रमांक आणि दिशा सांगा. तुमच्या मागून येणाऱ्याला ते साडेतीन सेकंदही मिळणार नाहीत.

आणि आपणच चुकलो तर

हिशेबासाठी पुढचं एक्झिट ३० किलोमीटरवर धरू. जाऊन-येऊन ६०. वेळ ३५-४० मिनिटं. कारचा टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास, म्हणजे सव्वाशे. इंधन साडेतीन-चारशे. एकूण पाचशे रुपये आणि मामांची थोडी बोलणी. पंप मागे राहिला असेल तरी हाच हिशेब. म्हणून टाकी चढण्याआधीच भरा.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. जुन्या रस्त्याने जात होते, दुभाजकाचा कट दोन किलोमीटर पुढे होता, पंप मागे. म्हणाले, "फिरून आलो रे. तुझे पाचशे नाही, वीस रुपये गेले." वर म्हणाले, "पण तिथे चार जण राँग साइडनेच आले."

त्या चौघांपैकी एखाद्याला तुम्ही ओळखत असाल, तर हा भाग त्याला पाठवा. नाही ऐकला तर शेजारी बसून सांगा. पुढच्या भागात भेटू.