कर्जाचे पाणी कोणाच्या शेतात?

गरिबांच्या नावाने सरकार कर्ज काढते, तेव्हा ते गरिबांच्या हाती कोणत्या वाटेने पोचते, हा प्रश्न रकमेच्या आकड्याहून अधिक महत्त्वाचा होय. मराठवाड्याने या प्रश्नाची दोन उत्तरे पाहिली आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसली. जेथे घरांची केवळ दुरुस्ती व्हावयाची होती, तेथे मात्र रक्कम हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच खात्यात पडली. गावच्या स्त्रिया संवाद सहायक होऊन पुढे आल्या आणि लोकांनी आपली घरे आपणच सावरली.

२०१८ साली त्याच बँकेच्या साह्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. खर्च सुमारे चार हजार कोटी रुपये, त्यात सत्तर टक्के कर्ज. जिल्हे १५, त्यांत नांदेड व लातूरही. शेततळी, ठिबक, फळबागा यांचे अनुदान मध्यस्थाला वगळून थेट खात्यात जमा होऊ लागले, हे निःसंशय स्तुत्य आहे. परंतु येथे खर्च आधी शेतकऱ्याने करावयाचा, देयके सादर करावयाची, तपासणी व्हावयाची आणि मग अनुदान! ज्याच्या गाठी पैसा आहे, त्याला ही रीत सोयीची. मुखेड-कंधारच्या माळावरील दोन एकरांच्या धन्याने मात्र सावकाराचा उंबरठा झिजवावा, की योजनेकडे पाठ फिरवावी?

आगाऊ दिलेला पैसा भलतीकडे जाईल, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर किल्लारीनेच दिले आहे: झालेले काम पाहावे आणि पुढचा हप्ता द्यावा. अल्पभूधारकाला पहिला हप्ता आधी मिळावा आणि गावाच्या हिशेबाचे वाचन ग्रामसभेत व्हावे, एवढीच आमची मागणी आहे.

कर्ज राज्याच्या तिजोरीतून फिटते, आणि साबणाच्या वडीवर कर भरणारा शेतमजूरही त्या तिजोरीत भर घालतो. फेडीत त्याचा वाटा आहे. मग लाभाच्या वेळीच त्याने रांगेच्या शेवटी का उभे राहावे?